विमानतळावर 'फोन उघडून दाखवा' म्हणाले तर?

सुनंदा_रामबाग (धागाकर्ती)

मंडळी, उन्हाळा सरत आला की रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगर, इंदूरच्या कुठल्याही मराठी गल्लीत कुणाची तरी परदेशची बॅग भरली जात असते. यंदा आमच्याकडेही भरली जातेय, लेक एमएससाठी अमेरिकेला निघाली आहे. भाजणी किती न्यायची, लसीकरणाचे कागद कुठले, बँकेचं पत्र कोणत्या नमुन्यात, सगळ्याची उत्तरं मिळाली. एका प्रश्नाचं धड उत्तर कुणाकडे नाही, म्हणून हा धागा.

ओळखीतल्या एका मुलाला तिकडच्या एका विमानतळावर बाजूला घेतलं आणि फोनचा पासकोड मागितला. त्याने दिला. फोन आत नेला, बऱ्याच वेळाने परत आणून दिला. काही निघालं नाही, मुलगा कॉलेजला पोहोचला. पण त्याच्या आईला एक गोष्ट अजून खुपते. अधिकाऱ्याने त्याला घरच्या ग्रुपवरच्या एका मेसेजबद्दल विचारलं होतं. त्या ग्रुपवर आजीचे बायोप्सीचे रिपोर्ट आहेत, चुलत बहिणीच्या घटस्फोटाची बोलणी आहेत, वाटणीवरून भावाभावांत झालेले वाद आहेत. यांतल्या कुणीही व्हिसाच्या अर्जावर सही केलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बॅगेत असतं ते प्रवाशाचं. फोनमध्ये असतं ते त्याच्याशी आजवर बोललेल्या प्रत्येकाचं. देशाने आपली सीमा तपासावी, ते त्याचं कामच आहे. पण फोन उघडण्याआधी त्या एका माणसाबद्दल काहीतरी ठोस कारण हवं आणि ते कागदावर लिहिलेलं हवं. आज तिथे कायदा काय म्हणतो? आणि आपल्याकडे काय आहे? कायद्यातले जाणकार कृपया लिहा.

मीनल_वल्लभनगर

सुनंदाताई, माझ्या भाच्याच्या ग्रुपवर सगळे सांगताहेत की जायच्या आधी सगळं डिलीट करा, कोरा फोन घेऊन जा. हे बरोबर आहे का? वाचतेय.

वकील_स्नेहलतागंज

इंदूर खंडपीठात वकिली करते. अमेरिकी कायदा माझा रोजचा विषय नाही, पण अशिलांची मुलं जात असतात म्हणून हे निकाल नीट वाचलेत.

अमेरिकेच्या घटनेतली चौथी दुरुस्ती सांगते की विनाकारण झडती नको आणि वॉरंटला सबळ कारण हवं. सीमा हा याला जुना अपवाद आहे. तिथला पहिला कस्टमचा कायदा १७८९ चा, जहाजावरचा माल तपासण्यासाठी केलेला. १९७७ मध्ये रॅमसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सीमेवरची झडती ती सीमेवर आहे एवढ्यानेच वाजवी ठरते. तो खटला थायलंडहून टपालाच्या पाकिटांतून आलेल्या हेरॉइनचा होता. पाकिटं, पेट्या, पोती डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेलं हे तत्त्व पुढे जसंच्या तसं फोनला लावलं गेलं. सगळा वाद इथून सुरू होतो.

२०१४ मध्ये रायली खटल्यात त्याच न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निर्णय दिला की अटक केलेल्या माणसाचा फोनसुद्धा पोलिसांनी वॉरंटशिवाय उघडायचा नाही. फोनची झडती म्हणजे खिशातल्या वस्तूंचीच झडती, असं सरकार म्हणत होतं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी उत्तर दिलं की मग घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरची सफर यांतही फरक नाही म्हणावं लागेल. म्हणजे शहराच्या रस्त्यावर पकडलेल्या आरोपीच्या फोनला जे संरक्षण आहे, ते विमानतळावर रांगेत उभ्या असलेल्या, कसलाही आरोप नसलेल्या विद्यार्थ्याच्या फोनला नाही. सीमेवरच्या फोनबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अजून निर्णय दिलेला नाही.

प्रत्यक्षात तिथल्या सीमाशुल्क खात्याची, म्हणजे सीबीपीची, जानेवारी २०१८ ची अंतर्गत सूचना चालते. झडतीचे दोन प्रकार. साधी म्हणजे अधिकारी हाताने फोन चाळतो. त्याला संशयाची गरज नाही. प्रगत म्हणजे फोन यंत्राला जोडून मजकूर उतरवून घेतात किंवा त्याचं विश्लेषण करतात. त्याला वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं, शिवाय वरिष्ठाची मंजुरी. दोन्हींत फोनवर साठलेलंच पाहायचं, इंटरनेट बंद ठेवायचं, क्लाउडवरचं उघडायचं नाही. फोन ठेवून घेतला तर साधारणपणे पाच दिवसांच्या आत परत द्यायचा.

अकरा प्रवाशांनी याविरुद्ध खटला भरला होता. त्यांत नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत काम करणारा भारतीय वंशाचा एक अमेरिकन नागरिकही होता. त्याच्याजवळचा फोन प्रयोगशाळेचा होता, तरी पासकोड द्यावा लागला. बॉस्टनच्या जिल्हा न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला: दोन्ही प्रकारच्या झडतीला वाजवी संशय हवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. इतर अपील न्यायालयांत (त्यांना तिथे 'सर्किट' म्हणतात) एकमत नाही. यंत्र लावून केलेल्या झडतीला पश्चिमेकडच्या नवव्या सर्किटने २०१३ मध्ये वाजवी संशय मागितला. २०१८ मध्ये चौथ्या सर्किटनेही व्यक्तीपुरता ठोस संशय हवा म्हटलं. त्याच वर्षी अकराव्याने, म्हणजे फ्लोरिडा-जॉर्जियाकडच्या न्यायालयाने, कसल्याही संशयाची गरज नाही असं सांगितलं. न्यूयॉर्कच्या दोन जिल्हा न्यायाधीशांनी मात्र २०२३ आणि २०२४ मध्ये थेट वॉरंटच हवं असं म्हटलं. तुमची मुलगी कोणत्या शहरात उतरते यावर तिचा हक्क ठरतो, आणि हे मला फार अस्वस्थ करतं.

मालवी_काका

मी सीमाशुल्क आणि अबकारी खात्यात आयुष्य काढलं, आता सुदामानगरात निवृत्त. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

आकडा आधी पाहा. सीबीपीच्याच माहितीप्रमाणे २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४७ हजार प्रवाशांची उपकरणं तपासली गेली आणि आलेले प्रवासी ४२ कोटी. दहा हजारांत एकाहून थोडे जास्त. त्यांतल्याही बहुतेक झडत्या हाताने चाळण्याच्या. आणि वकीलताईंनी सांगितलेल्या निकालांमधले नवव्या आणि अकराव्या सर्किटचे खटले लहान मुलांच्या लैंगिक छळाच्या चित्रांचे होते. असला माल आज पेटीत येत नाही, फोनमध्ये येतो. सोन्याच्या तस्करीत माल एकाच्या अंगावर आणि सूचना दुसऱ्याच्या फोनवर, हे आम्ही रोज पाहिलंय. अधिकाऱ्याचे डोळे बांधून सीमा राखता येत नाही.

राजवाड्याजवळचा

काकांशी सहमत. ज्याला काही लपवायचं नाही त्याने कशाला घाबरायचं?

सुनंदा_रामबाग

काकांच्या प्रतिसादातलं कारण मला पटतं, म्हणून त्यांना नंतर सविस्तर लिहिते. 'लपवायचं नाही तर घाबरायचं कशाला' याला मात्र आत्ताच उत्तर देते, कारण हे वाक्य मी गेले काही महिने घरात ऐकतेय.

अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियावरची सगळी नावं द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आपली खाती सर्वांसाठी खुली ठेवायला सांगितलं जातं आणि डिसेंबर २०२५ पासून एच-१बी वाल्यांनाही. हे कळल्यावर माझ्या मुलीने काय केलं सांगते. ती कविता लिहिते, मराठीत. एका मोर्चाबद्दलची कविता तिने काढून टाकली. युद्धात मेलेल्या मुलांचं एक चित्र तिने शेअर केलं होतं, तेही काढलं. मग मैत्रिणींना सांगितलं, मला कुठे टॅग करू नका. त्यानंतर ती आमच्या ग्रुपवरही बातम्यांवर काही बोलेनाशी झाली, कारण तो ग्रुप तिच्या फोनवर आहे. या मुलीने आयुष्यात कुणाचं वाईट केलेलं नाही. कुठल्याही अधिकाऱ्याने तिचा फोन हातात घेतलेला नाही, ती अजून इंदूरच्या बाहेरही पडलेली नाही, आणि तिचं बोलणं थांबलं.

दहा हजारांत एक हा आकडा म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही. झडती एकाची होते, गप्प मात्र बाकीचे सगळे बसतात. मार्च २०२५ मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाला ह्यूस्टनहून परत पाठवलं. त्याच्या फोनमध्ये अमेरिकेच्या संशोधनधोरणावर टीका होती म्हणून, असं फ्रान्सच्या मंत्र्यांनी सांगितलं. अमेरिकेने ते नाकारलं, त्याच्याकडे लॉस अलामोस प्रयोगशाळेची गोपनीय माहिती होती म्हणाले. खरं काय ते ठरवायला मी कोण? पण ती बातमी वाचून किती विद्यार्थ्यांनी आपले जुने मेसेज चाळले असतील याची कल्पना आई म्हणून मला आहे.

मीनल_वल्लभनगर

ताई, आमच्या भाच्याचंही अगदी हेच झालंय. अनुमोदन.

सीए_तिलकनगर

माझी काळजी वेगळी आहे. शारजा-दुबईच्या व्यापाऱ्यांचं काम असल्याने लॅपटॉप घेऊन जावं लागतं. त्यात इंदूरच्या कितीतरी दुकानदारांचे हिशेब असतात. चार्टर्ड अकाउंटंट कायदा, १९४९ प्रमाणे अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. हीच गोष्ट डॉक्टरची, वकिलाची, पत्रकाराची. काउंटरवर एखाद्याने लॅपटॉप उघडा म्हटलं तर माझ्या परवानगीला अर्थ काय? ती माहिती माझी नाहीच.

आणखी एक. आपल्याकडे नवा आयकर कायदा, २०२५ आला आहे, १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्याच्या कलम २४७ मध्ये झडतीच्या वेळी ईमेल, क्लाउड, सोशल मीडिया अशा 'आभासी डिजिटल जागे'चा पासवर्ड ओलांडून आत जायचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला आहे. तेव्हा नुसत्या अमेरिकेकडे बोट दाखवून भागणार नाही.

पागनीसपागा_ते_वेलिंग्टन

मूळ इंदूरचा, आता न्यूझीलंडला. इथे २०१८ च्या कस्टम कायद्याने पासवर्ड न देणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये लागू झाला तेव्हा जगभर बोंब झाली. पण एक चांगली गोष्ट त्यातच आहे: अधिकाऱ्याकडे संशयाला वाजवी कारण असायला हवं, आणि तपासणी फोनच्या आतल्या मजकुरापुरती, क्लाउडची नाही. कायद्याआधी हे बंधन नव्हतं.

ब्रिटनचं उलट आहे. तिथल्या दहशतवादविरोधी कायद्याच्या, २००० च्या, सातव्या परिशिष्टाखाली कसलाही संशय नसताना सहा तासांपर्यंत थांबवून चौकशी करता येते आणि पासवर्ड नाकारणं गुन्हा ठरतो. २०१३ मध्ये डेव्हिड मिरांडा यांना हीथ्रोवर जवळजवळ नऊ तास बसवलं होतं, तेव्हा मर्यादा तेवढी होती. अमेरिकेच्या हेरगिरीची गुपितं उघड करणाऱ्या स्नोडेनची कागदपत्रं छापणाऱ्या पत्रकाराचे ते जोडीदार. २०१६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की पत्रकारितेच्या मजकुरासाठी या कायद्यात पुरेसं संरक्षण नाही.

मालवी_काका

सुनंदाताई, तुमच्या लेकीच्या कवितेचं वाचून वाईट वाटलं. मनापासून सांगतो.

मी झडतीच्या बाजूचा आहे आणि राहीन. पण माझ्या नोकरीचा नियम काय होता तेही लिहायला हवं. आपल्या सीमाशुल्क कायद्याचं, १९६२ च्या, कलम १०० काढून पाहा. प्रवाशाच्या अंगाची झडती घ्यायची तर त्याने जप्त होण्याजोगा माल लपवला आहे असं 'मानण्यास कारण' असावं लागतं. प्रवाशाने मागणी केली तर कलम १०२ प्रमाणे आधी त्याला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. त्यांना कारण पटलं नाही तर सोडून द्यायचं. दोन साक्षीदार हवेत. बाईची झडती बाईच घेणार. हे सगळं आम्ही पाळलं आणि सोनंही पकडलं. कारण लिहून ठेवल्याने आमचं काम कधी अडलं नाही, उलट कोर्टात केस टिकायची ती त्या कागदावरच. त्यामुळे फोन चाळण्याआधी दोन ओळी लिहा, ही अपेक्षा मला जाचक वाटत नाही. वॉरंटचं मात्र मला पटत नाही. रात्री दोन वाजता विमान उतरतं, पुढचं कनेक्शन उभं असतं, तेव्हा न्यायाधीश कुठून आणायचा?

वकील_स्नेहलतागंज

काका, तुमच्या या प्रतिसादाला मोल आहे, खात्यात राहिलेला माणूस सांगतोय म्हणून. वॉरंटच्या वेळेबद्दल: रायलीच्या निकालातच नोंद आहे की काही ठिकाणी पोलीस ईमेलने अर्ज पाठवतात आणि न्यायाधीश पंधरा मिनिटांच्या आत सही करून परत पाठवतात. २०१४ सालची गोष्ट ही. पण तो वाद बाजूला ठेवू. निदान संशयाचं कारण लिहा, इतपत आपण दोघं एका बाजूला आहोत.

आता भारताबद्दल. सीमाशुल्क कायद्यात फोन चाळण्याची वेगळी तरतूद नाही. कलम ११०(३) खाली चौकशीला उपयुक्त वाटणारी कागदपत्रं किंवा वस्तू जप्त करता येतात, आणि फोन त्या 'वस्तू' मध्ये बसवला जातो. म्हणजे १९६२ च्या शब्दांत आजचं यंत्र. अंगझडतीला काकांनी सांगितलेलं सगळं संरक्षण, आणि माणसाचं अख्खं आयुष्य ज्यात आहे त्या फोनला त्यातलं बरंचसं नाही.

२४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, योग्य उद्देश हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. सगळ्यांचे फोन सरसकट चाळणं या कसोटीवर टिकेल असं मला वाटत नाही. पासवर्डबद्दल घटनेचं कलम २०(३) येतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. इथे न्यायालयांचं जुळत नाही. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालय म्हणालं की पासवर्ड देणं म्हणजे साक्ष नव्हे, पण त्यासाठी न्यायालयाचा आदेश हवा. २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने सांगितलं की आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला मार्गदर्शक तत्त्वं आणायला सांगितलं. डिसेंबरमध्ये केंद्र म्हणालं, तोवर सीबीआयची २०२० ची नियमपुस्तिका पाळू. एवढ्या मोठ्या देशात नागरिकाच्या फोनचं रक्षण एका तपासयंत्रणेच्या नियमपुस्तिकेवर टेकलेलं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती कायदा, २०२३ आला, तर त्याच्या कलम १७ मध्ये सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय.

परक्या देशात आपली मुलं पाहुणी आहेत, तिथे मत देऊन कायदा बदलता येत नाही. इथे येतो. कलम १०० मधलं 'मानण्यास कारण' आणि कलम १०२ मधला राजपत्रित अधिकारी, हे दोन्ही फोनला लागू करा, एवढी दुरुस्ती आपल्या खासदारांकडे मागायला काय हरकत आहे?

सुपरकॉरिडॉर

ताई, मीनलताईंचा 'सगळं डिलीट करा' वाला प्रश्न राहिलाच. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, ऑफिसच्या कामाने जाणं होतं, म्हणून लिहितो.

अगदी कोरा फोन नेऊ नका, तोच संशयाचा विषय होतो. जे लागणार नाही ते सोबत नेऊच नका, हा खरा उपाय. जुने फोटो, वर्षानुवर्षांची चॅट घरच्या हार्डडिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा, फोनवरून त्या खात्यांतून लॉगआउट करा. हे जायच्या आठवडाभर आधी शांतपणे करा, विमानात किंवा रांगेत उभं राहून नव्हे. विमान उतरायच्या आधी फोन पूर्ण बंद करा, नुसता लॉक नको. बंद फोन पुन्हा सुरू केला की पहिल्यांदा पासकोडच लागतो, बोट किंवा चेहरा चालत नाही, आणि तोवर आतला मजकूर कुलूपबंद असतो. पासकोड चार आकडी नको, लांब ठेवा. पासकोड दिलाच तर बाहेर पडल्यावर लगेच बदला.

सगळ्यात महत्त्वाचं, अधिकाऱ्याशी खोटं बोलू नका, तिथे तो स्वतंत्र गुन्हा आहे. अमेरिकन नागरिकाने पासकोड नाकारला तर फोन राहू शकतो, पण देशात प्रवेश नाकारता येत नाही. विद्यार्थी व्हिसावाल्याला परत पाठवता येतं. तेव्हा द्यायचा की नाही हे मुलांनी घरी, आईवडिलांशी बोलून आधी ठरवावं. फोन ठेवून घेतला तर पावती मागा, अधिकाऱ्याचं नाव आणि बिल्ला क्रमांक लिहून घ्या. लॅपटॉप कंपनीचा असेल तर तसं सांगा आणि कंपनीला लगेच कळवा. सीए काकांसाठी: अशिलांच्या फाइली लॅपटॉपवर नेऊच नका, तिथे पोहोचून ऑफिसच्या सर्व्हरवरून उघडा.

सुनंदा_रामबाग

फार उपयोगी. लेकीला वाचायला दिलं. फोन बंद करून उतरायचं ठरलं. पासकोड मागितला तर द्यायचा, कारण दोन वर्षांची मेहनत पणाला लावायची तिची तयारी नाही आणि मी तिला तसं सांगणारही नाही. आजीचे रिपोर्ट आणि घरगुती गोष्टी आता वेगळ्या ग्रुपवर जातील, त्यात ती नसेल. आजारी आजीची खबर नातीला फोनवर सांगू. कविता मात्र तिने परत लावावी असं मी म्हटलंय. तिने अजून होकार दिलेला नाही.

वकीलताई, तुम्ही म्हणता तसा खासदारांना द्यायचा अर्ज तयार करू या. काका, खात्यातला माणूस म्हणून तुमची सही त्यावर असेल तर त्याचं वजन वाढेल.

मालवी_काका

वॉरंटचा मुद्दा त्यात नसेल तर सही करतो. लेखी कारण आणि राजपत्रित अधिकारी, या दोन गोष्टींपुरता मसुदा ठेवा.

राजवाड्याजवळचा

ताई, माझ्या प्रतिसादाला तुम्ही सविस्तर उत्तर दिलंत, आभारी आहे. एक विचारायचं होतं. आई-बाबा शारजाहून थेट इंदूरच्या विमानतळावर उतरणार आहेत. बहिणीकडून दागिने आणताहेत, त्याचे फोटो आणि बिलं बाबांच्या फोनवर आहेत. आपल्या इथे फोन मागितला तर त्यांनी काय करावं?

वकील_स्नेहलतागंज

बिलांच्या छापील प्रती सोबत ठेवा, म्हणजे बिल दाखवण्यासाठी फोन हातात द्यायची वेळच येणार नाही. मर्यादेपेक्षा जास्त सोनं असेल तर लाल मार्गिकेत जाऊन स्वतःहून जाहीर करा. तरी अंगझडतीपर्यंत गोष्ट गेली तर 'कलम १०२ प्रमाणे राजपत्रित अधिकाऱ्यासमोर न्या' असं नम्रपणे म्हणायचं. आईंसाठी महिला अधिकारी असणं सक्तीचं आहे. फोन जप्त करायचा म्हणाले तर पंचनामा वाचूनच सही करा, त्याची प्रत मागा. त्यात फोनचा आयएमईआय क्रमांक आणि शक्य असेल तर मजकुराची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्याचा डिजिटल ठसा, नोंदवायला सांगा, म्हणजे पुढे आतलं काही बदललं तर ते लपणार नाही. जप्त कागदपत्रांच्या प्रती अधिकाऱ्यासमोर काढून घ्यायचा हक्क कलम ११०(४) देतं. कलम १०८ खाली जबाब घेतला तर तो न्यायालयात वापरला जातो, तेव्हा घाईत काही लिहून देऊ नका. विमान कधी उतरतंय ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा, त्या वेळी फोन चालू ठेवीन.